सोमवारचा बांगडा

मासा ताजा कसा ठेवायचा, हे विचारायचं असेल तर मलाच विचारा! उगाच चार ठिकाणी फिरू नका. माझ्या हाताखालून गेलेला बांगडा म्हातारा होत नाही. फार तर जरा विचारी दिसायला लागतो. आज माझ्या दुकानात भिंतभर थंड कपाटं आहेत, पारा कुठे असायला हवा ते मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन, आणि पिशवीतली हवा काढून घेण्यात माझा हात धरणारं आसपास कोणी नाही. पण ही विद्या मला मिळाली कशी, ते ऐकलंत तर कदाचित माझ्याकडून मासे घेणं बंद कराल. तरी सांगते. एखादं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, गोष्ट वाया जाता कामा नये!

माझं सगळं शिक्षण रद्दीवर झालं. बाबांचं मासळीचं दुकान होतं. मासे बांधायला जुनी वर्तमानपत्रं, मासिकं, फाटकी पुस्तकं गठ्ठ्याने यायची. मी स्टुलावर बसून, कागद माशाभोवती गुंडाळला जायच्या आत तो वाचून काढायची. त्यामुळे मला जगातल्या बहुतेक विषयांची अर्धी माहिती आहे. उरलेली अर्धी गिऱ्हाइकांबरोबर घरोघरी गेली. रहस्यकथेत खून कसा झाला हे मला ठाऊक असायचं, खुनी मात्र शिंपीकाकांच्या घरी.

दुकान पुढे, घर मागे. मधे एक दार, तेही फुगलेलं, धक्का मारल्याशिवाय न उघडणारं. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, घर सांभाळायची. सकाळी मला जाग यायची ती बर्फ फुटण्याच्या आवाजाने. बाबा बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून लाकडी हातोड्याने तिचा चुरा करत. धप्, धप्, धप्! इतर मुलींना म्हणे कोंबड्याने जाग येते.

बाबांची बर्फपेटी म्हणजे त्यांचा जीव. बाहेरून जाड लाकूड, आतून पत्रा, तळाला एक भोक आणि भोकाला नळी. वितळलेलं पाणी थेंब थेंब बाहेर जायचं. खाली बर्फाचा थर, त्यावर मासे, वर पुन्हा बर्फ. आणि मासे ठेवायचे ते पोटावर. कुशीवर नाही, पाठीवर तर नाहीच.

"पोटावर निजवायचं गं," बाबा सांगत. "म्हणजे पाणी अंगावरून ओघळून जातं. ओल्या अंथरुणात निजवलंस तर सकाळी चिडका उठणार की नाही?"

"बाबा, तो उठणारच नाही. तो मेलाय!"

"हळू बोल. गिऱ्हाईक ऐकेल!"

मग वरून शेवटचा बर्फ घालून ते पेटीवर थोपटत आणि म्हणत, "चला, निजा आता." आमच्या घरात अंगाई मला कमी आणि बांगड्यांना जास्त मिळाली! भर उन्हाळ्यात मी शाळेतून आले की ते बर्फातले हात माझ्या दोन्ही गालांवर ठेवत. मी किंचाळायची, पळायची, आणि दुसऱ्या दिवशी गाल घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहायची.

त्या हातांनीच घात केला. जन्मभर बर्फात राहून बोटं सुजली, वळेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, "बर्फ बंद." बाबांना ते "श्वास बंद" असं ऐकू आलं असावं. काही दिवसांनी एकदा जेवताना म्हणाले, "दुकान चपलावाल्यांना देऊन टाकावं म्हणतो."

चपलावाले म्हणजे आमचे शेजारी. त्यांना दुकान वाढवायचं होतं. दुसऱ्याच दिवसापासून ते टेप घेऊन यायला लागले.

"काही नाही, काही नाही, तुमचं चालू द्या! मी फक्त मापं घेतोय," असं म्हणत ते बर्फपेटीच्या जागी लहान मुलांचे बूट मांडून बघायचे. मनातल्या मनात, पण आम्हाला दिसायचे!

"दुकान मी चालवते," मी म्हटलं.

"नाही," बाबा म्हणाले. "माझे हात बघ, आणि तुझे बघ. तुझे हात असे व्हायला नकोत."

विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. मी तेव्हा पंचविशीची होते आणि अर्धी माहिती असलेल्या माणसाइतका हिंमतवान प्राणी जगात दुसरा नाही. एका मासिकाच्या पानावर मी वाचलं होतं, 'पिशवीतील हवा काढून घेऊन ती बंद केल्यास मासा कितीतरी अधिक दिवस ताजा राहतो. परंतु'. इथे पान संपलं होतं.

परंतुला कोण विचारतो! सुकामेवा विकणाऱ्या एका दुकानदाराने मोडीत काढलेलं हवा खेचायचं यंत्र मी घरी आणलं. ते चालू झालं की दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकायचं आणि शेवटी "ठक!" करून पिशवी चिकटवायचं. बर्फात हात घालायला नको, बोटं सुजायला नकोत, दुकान चपलावाल्यांना जायला नको. एका यंत्रात माझं सगळं आयुष्य मार्गी लागलं!

पहिल्या दिवशी मी पिशव्यांतले बांगडे दर्शनी काचेत मांडले. चांगले, ऐटीत, उन्हात! बर्फ? बर्फ कशाला? हवा काढली होती ना!

दुपारी पिशव्या फुगायला लागल्या. आधी मला वाटलं, मासे पुन्हा श्वास घेताहेत. बघता बघता एकेक पिशवीची उशी झाली. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, कौतुकाने वाकून बघत होत्या. "काय गं हे, मासे आहेत की..." एवढं त्या म्हणाल्या आणि त्यातली एक उशी फुटली! त्यानंतर आमच्या दुकानासमोरचा रस्ता दोन दिवस पूर्ण मोकळा होता. गाड्यासुद्धा वळसा घालून जायच्या.

सगळा माल खड्ड्यात पुरून बाबा आत आले. रागावले नाहीत, हेच वाईट होतं.

"त्या कागदावर पुढे काय लिहिलं होतं?"

"परंतु."

"परंतु काय?"

"पुढचं पान शिंपीकाकांबरोबर गेलं. अर्धा किलो होते त्यांचे."

"परंतु आधी बापाला विचारावं," आत्या आतून ओरडली. "दुसरं काय असणार!"

आता तुम्हाला वाटेल, मी हात टेकले असतील. छे! मी जुनं का होईना, पण काचेच्या दाराचं एक थंड कपाट आणलं. रोज चुका करून रोज शिकले. माशाचे पर कापले नाहीत तर काटे पिशवीला भोक पाडतात, हवा हळूच आत शिरते आणि पिशवी सुस्कारा सोडल्यासारखी सैल पडते, हे शिकले. पिशवी उघडल्या उघडल्या कोंडलेला वास येतो, तो जरा वारा लागला की जातो, पण तो जाईपर्यंत गिऱ्हाईकच जातं, हेही शिकले. कपाटाचं दार वारंवार उघडलं तर थंडी पळते, म्हणून मी दारापुढे पहारा देत उभी राहायची. आणि गिऱ्हाइकांना तर ते दार उघडल्याशिवाय चैनच पडायचं नाही!

"मला कल्ला उचलून बघू दे," मास्तरीणबाई म्हणायच्या.

"बाई, पिशवी बंद आहे."

"मग अंगठ्याने दाबून बघते."

"दाबलात तर सगळेच घट्ट लागतील. आत हवाच नाही."

"मग निदान वास?"

"वास बाहेर येत नाही. तीच तर गंमत आहे!"

"कल्ला नाही, अंगठा नाही, वास नाही," त्या दुखावल्या. "मी मासा घेतेय की माशाचा फोटो?"

त्यातच बाबांचा चष्मा हरवला. दिवसभर शोधला. शेवटी एका गिऱ्हाइकाने कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "तो शिकलेला मासा कितीला?" बघते तर एका पिशवीत एक बांगडा बाबांचा चष्मा लावून बसलेला! यंत्राजवळ वाकताना बाबांच्या खिशातून चष्मा पिशवीत पडला असणार. हवा खेचल्यामुळे तो असा घट्ट बसला होता, की कोणत्याही चष्मेवाल्याने इतका बेताचा बसवला नसता. बाबा मात्र खदखदून हसले. "माझ्यापेक्षा ह्यालाच बरा दिसतो," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते असे हसत होते, म्हणून तो चष्मा काढायला माझा हात धजेना.

आणि त्याच आठवड्यात आचारीबुवा आले.

आचारीबुवा म्हणजे एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे मुख्य. माणूस दारापेक्षा रुंद आणि बोलणं मात्र बहुतेक एकाच अक्षराचं, "हं." त्या "हं"ला इतक्या छटा होत्या, की आत्या म्हणायची ह्यांचं लग्न ह्याच एका अक्षरावर टिकलं असेल. त्यांना बाजाराला यायला आठवड्यातून एकदाच जमायचं आणि शनिवारपर्यंत टिकणारा मासा हवा होता. दर आठवड्याला, वर्षभर. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं, तर दुकान बंद करायचं कारणच उरणार नव्हतं. एक मदतनीस ठेवता आला असता, बाबांना बर्फाला हात लावावा लागला नसता. चपलावाल्यांची टेप परत त्यांच्या खिशात गेली असती!

"मी पिशवीतला देते," मी म्हटलं.

"बर्फातला घ्या," त्याच क्षणी बाबा म्हणाले. आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"हं," आचारीबुवा म्हणाले. हा 'हं' वजनदार होता. त्यांनी सोमवारच्या टोपलीतले सारखे बांगडे स्वतः निवडले. अर्धे बाबांच्या पेटीत, अर्धे माझ्या पिशव्यांत. "ह्या शनिवारी मुद्दाम येतो. मी स्वतः उघडीन. चांगला निघाला तर घेईन. नाही निघाला तर नमस्कार."

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला, विचारू नका. बाबा पेटीभोवती घिरट्या घालायचे, मी कपाटाभोवती. जेवताना कोणी माशाचं नाव काढत नव्हतं. आत्या म्हणाली, "दोन सवतीसुद्धा ह्यापेक्षा जास्त बोलतात."

शनिवारी सकाळी बाबा बर्फाच्या कारखान्यात गेले. त्या दिवसाची ताजी टोपली नुकतीच येऊन पडली होती. मी हळूच बर्फपेटीचं झाकण उघडलं. सोमवारचे बांगडे तसे बरे होते. खोटं का बोलू? पण डोळे जरासे आत गेलेले, आणि कल्ल्यांचा लाल रंग किंचित विटलेला. तो किंचितपणा आचारीबुवांच्या अंगठ्यातून सुटणार नव्हता. मला जिंकायचं होतं हो, पण बाबांना हरवून नव्हे! ज्या माणसाने आयुष्यभर मासे निजवले, त्याला एका आचाऱ्याने "हं" म्हणावं, आणि ते मी बघावं? छे!

मी सोमवारचे बांगडे उचलले, त्या जागी टोपलीतले ताजे घातले, वरून बर्फ थापला. उचललेले झाकणाच्या भांड्यात घालून घरातल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लपवले. कुठल्या फ्रीजमध्ये? ज्यातली अर्धी काकडी हलली तरी आत्याला कळायची, त्या फ्रीजमध्ये! मग मी निश्चिंत मनाने अंघोळीला गेले.

परत येते तो दुकानात चपलावाले टेप लावून उभे. बाबा परतले होते आणि उगाचच फडक्याने यंत्र पुसत होते. चपलावाल्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं.

"आज माल कमीच आलेला दिसतोय?"

"मांजर!" मी म्हणाले.

"मांजर!" बाबा म्हणाले.

"मांजर!" आतून आत्या ओरडली.

आम्ही तिघंही एकाच दमात! जणू तालीमच केली होती. थाप माझी होती. मग ह्या दोघांना मांजर कुठून दिसलं?

"मी पाहिलं ना," आत्या झाडू घेऊनच बाहेर आली. "काळं-पांढरं! शेपूट अर्धी! हा एवढा बोका!"

"हो हो, मोठाच होता," बाबा घाईघाईने म्हणाले.

"डोळा एक फुटलेला," आपणही मागे राहू नये म्हणून मी भर घातली.

"अरे, मग हाच काल माझ्याही दुकानात शिरला होता!" चपलावाले म्हणाले.

आत्याने झाडू घेऊन दुकान पालथं घातलं, गल्ली पालथी घातली, आणि जाता जाता तो झाडू चपलावाल्यांच्या पायांशी असा काही फिरवला, की ते टेप सोडूनच घरी गेले.

एवढ्यात आचारीबुवा दारात उभे राहिले. दुकानात एकदम अंधार झाला.

"आधी बर्फातला," ते म्हणाले.

बाबांनी पेटी उघडली. वरचा बर्फ बाजूला केला. आणि थबकले. आत बांगडे होते, टवटवीत होते, पण सगळेच्या सगळे कुशीवर! घाईत मी त्यांना पोटावर निजवायला विसरले होते. चाळीस वर्षांत त्या पेटीत एकही मासा कुशीवर झोपला नव्हता. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघायला लागले. छतावर काही नव्हतं, तरी मी ते बराच वेळ बघितलं.

"आता पिशवीतला."

मी ऐटीत थंड कपाट उघडलं. माझ्या पिशव्या म्हणजे कशा, सपाट, इस्त्री केल्यासारख्या. ह्या पिशव्या होड्यांसारख्या उभ्या होत्या! आतला प्रत्येक बांगडा पोटावर बसवलेला. चिकटवलेली कड वाकडीतिकडी, आणि वर शाईने 'सोमवार' लिहिलेलं, थरथरत्या, जाडजूड अक्षरात. आपल्या न वळणाऱ्या बोटांनी, ज्या यंत्राला ते 'ते धापाडं' म्हणायचे, त्यावर बाबांनी हे केलं होतं. मी अंघोळीला गेले तेवढ्यात! मी बाबांकडे बघितलं. ते पेटीतल्या बर्फात काहीतरी शोधत होते. काहीच हरवलेलं नव्हतं.

आचारीबुवांनी अंगठा धुतला. बर्फातला बांगडा दाबला. कल्ला उचलला. वास घेतला. मग पिशवी फोडली. दाबला, उचलला, वास घेतला. मग ते सरळ उभे राहिले आणि "हं" न म्हणताच बोलले.

"हे दोन्ही आज सकाळचे आहेत."

बर्फपेटीच्या नळीतून थेंब पडत होते, ते मी मोजायला लागले.

"वसतिगृहातली पोरं माझ्या भरवशावर जेवतात," ते म्हणाले. "आणि तुम्ही बापलेक मिळून मला फसवता?"

"मिळून नाही हो!" मी कळवळून म्हटलं. "वेगवेगळं!"

"काय?"

"ह्यांचा बर्फातला पडू नये म्हणून मी बदलला. ह्यांना काही माहीत नाही!"

"आणि हिची पिशवी पडू नये म्हणून मी," बाबा खाली बघत म्हणाले. "मला वासावर कळतो मासा. पिशवीतून वासच येईना. भीती वाटली. म्हटलं, माझं काय, मी तर दुकान सोडणारच आहे. हिचं तरी चालावं."

आचारीबुवांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे दोघांनाही हरायचं होतं?"

आम्ही माना डोलावल्या.

"मग हरलं कोण? मीच ना! आठवडा फुकट गेला माझा!" त्यांनी फडक्याला हात पुसले. "नमस्कार."

ते वळलेच. आणि तेवढ्यात मधल्या दाराला आतून धक्का बसला, दार उघडलं, आणि तळणीचा असा काही दरवळ दुकानात आला की आचारीबुवांचा उचललेला पाय उचललेलाच राहिला.

"रागावलात तर रागवा," आत्या म्हणाली, "पण उपाशी पोटी रागावू नका. पान वाढलंय."

आचारी माणूस, दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण त्याला कितीदा मिळतं! बसले. आत्याने ताटात तुकडे वाढले. कडेने खमंग, आत लुसलुशीत. पहिल्या तुकड्यानंतर त्यांनी ताट जवळ ओढलं. दुसऱ्यानंतर त्यांनी डोळे मिटले. मग एक लांबलचक, मऊ, मी कधीच न ऐकलेला "हंऽऽ" आला.

"हा कुठला बांगडा?"

"सोमवारचा," आत्या शांतपणे म्हणाली.

आम्ही दोघं दारात उभे, ते दारातच गार!

"ह्या दोघांनी काढून आमच्या फ्रीजमध्ये लपवलेला. एकाने खालच्या कप्प्यात, एकाने पालेभाजीमागे. जसं काही माझ्या फ्रीजमध्ये मी कधी डोकावतच नाही! हे बघा." आणि तिने मोरीतून रिकाम्या पिशव्या उचलून त्यांच्यासमोर धरल्या. सपाट, इस्त्री केल्यासारख्या, त्यावर माझ्या अक्षरात 'सोमवार'.

आचारीबुवांनी त्या पिशव्या उलटसुलट करून बघितल्या.

"ह्यातला बर्फातला कोणता, आणि पिशवीतला कोणता?"

"एकाच तव्यावर तळले. मी काय त्यांना नावं विचारत बसू?"

मग आचारीबुवांनी ते शोधून काढायचं मनावर घेतलं. एक तुकडा खाऊन म्हणाले, "हा बर्फातला." दुसरा खाऊन म्हणाले, "ही पिशवी." त्याच तुकड्याचा उरलेला भाग खाऊन म्हणाले, "नाही, हा बर्फ." असं करता करता थाळी रिकामी झाली आणि निकाल लागलाच नाही. शेवटी हात धुऊन म्हणाले, "पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. पुढच्या आठवड्यापासून. आणि पुन्हा बदलाबदली केलीत तर बघा!"

ते गेल्यावर आम्ही बापलेक जेवायला बसलो. आत्याने तव्यावरचे उरलेले तुकडे वाढले. बाबांनी एक घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाले, "काय गोड लागतोय गं!" मी तर बोटं चाटली. मग बाबा उठले, खुंटीवरची दुकानाची किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेले. चपलावाल्यांची टेप मी संध्याकाळी नेऊन दिली.

आचारीबुवांनी पुढे कितीतरी वर्षं आमचाच मासा नेला. एकदाही तक्रार आली नाही. बाबा रोज दुकानात खुर्ची टाकून बसायचे, बर्फाला हात न लावता सगळ्यांना नुसत्या सूचना द्यायचे, आणि संध्याकाळी मी कपाटाचं दार लावलं की काचेवर दोनदा थोपटायचे. आता ती खुर्ची आहे, बाबा नाहीत.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेले होते. तिला आता ऐकू कमी येतं, पण बोलणं तसंच धारदार. गप्पांत तो शनिवार निघाला. मी म्हटलं, "आत्या, खरं सांग. तुला तळताना कळलं असेल. बाबांचा मासा चांगला होता की माझा?"

"चांगलेच होते दोन्ही," ती म्हणाली. "पण पाहुण्याला कोण वाढणार होतं ते?"

"म्हणजे?"

"अगं, पहिल्यांदा घरी जेवणाऱ्या माणसाला मी सोमवारचं वाढीन? माझा हात तरी झाला असता का! मी टोपलीतले ताजे उचलून ठेवले होते. ते त्यांच्या पानात."

माझ्या डोळ्यांसमोर तो झाडू घेतलेला, अर्ध्या शेपटीचा बोका उभा राहिला!

"आणि... सोमवारचे?"

"ते तुम्हा दोघांना घातले. टाकायचे होते की काय? तुम्ही एवढे जाणकार, ताटलीसुद्धा पुसून खाल्लीत!"

मी हळूच विचारलं, "बाबांना कधी कळलं हे?"

"त्याच सकाळी. तू अंघोळीला गेलेली. मी टोपलीशी वाकलेली असताना दादा मागे उभा. बघितलं त्याने. मी म्हटलं, पाहुण्याला हे ताजे, फ्रीजमधले लपवलेले तुम्हाला. म्हणाला, बरं झालं. तिच्या पिशवीतला मासा आज मीच खाऊन बघतो. दुसऱ्या कोणाच्या जिभेवर मी दुकान सोपवायचा नाही."

मी उठून उगाचच तिच्या फ्रीजमध्ये डोकावले. अर्धी काकडी होती. ती हलवली नाही.

आता हे सगळं तुमच्यापाशीच ठेवा. कारण आचारीबुवा अजून आहेत, निवृत्त झालेत, आणि दिसेल त्याला धरून सांगत असतात, "खूप ठिकाणचा मासा खाल्ला, पण त्या दिवसासारखा शिळा बांगडा पुन्हा कधी मिळाला नाही!"

मिळेल कसा हो? मी नुसती "हं" म्हणते.